क्लबमध्ये गाणाऱ्या दिवंगत रॉक गायकाची १९९८ची लाइव्ह कॅसेट आठवण म्हणून नेटवर टाकायची आहे. आधी काय करू? (नागपूर)

आधी कॅसेट डिजिटल करून ठेवा, आणि नेटवर टाकण्याआधी त्याच्या घरच्यांची लेखी परवानगी घ्या. घाई पहिल्या कामाची आहे. आपल्याकडे नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, माळ्यावरच्या कॅसेटमधला फेल्टचा पॅड (टेपला डेकच्या हेडवर दाबून धरणारा छोटा तुकडा) निघतो आणि आवाज बोदा होतो. अशा कॅसेट मी बऱ्याच वर्षांपासून उतरवतोय. पॅड गेला असेल तर टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या खोक्यात हलवा. डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवा, मग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नंतर बनवता येते. झांजांचा आवाज दबलेला वाटला तर हेडचा छोटा स्क्रू किंचित फिरवून पाहा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. खरखर काढायच्या नादात दोन गाण्यांमधली त्याची बडबड आणि टेबलांवरचा ओरडा मात्र कापू नका. माणूस तिथेच जास्त सापडतो. (गाणी काय, बहुतेक दुसऱ्यांचीच असणार.)

परवानगी यासाठी, की भारतात कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो, म्हणजे तुमच्या टेपचा २०४८ अखेरपर्यंत. मात्र गाणी दुसऱ्यांची असतील तर घरच्यांचा होकार पुरणार नाही, गाण्यांचा कॉपीराइट वेगळा. घरात, मित्रांत ऐकायला अडचण नाही.