आधी रिलीज पॉइंट

प्रिय मित्रा,

तुझा अहवाल दोनदा वाचला. एकोणीस वर्षांचा बेसबॉल पिचर (चेंडू फेकणारा), फास्टबॉल ताशी 93 मैल, स्पिन मिनिटाला 2450 फेरे, हाताशी चार पिचेस (फेकीचे प्रकार). तरी बॅटर त्याला धोपटतात. आणि तू विचारतोस, "आकडे तर चांगले आहेत, मग अडतंय कुठे?" चांगले आहेत हे कशावरून ठरवलंस? वेग आणि स्पिन हे दोनच रकाने तू नीट पाहिलेस. चेंडू हातातून कुठून सुटतो, म्हणजे रिलीज पॉइंट, तो तक्ता शेवटच्या पानावर ढकललास. सुरुवात तिथून करायची असते.

स्पिनचंच घे. मेजर लीगमध्ये (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) फोर-सीम, म्हणजे नेहमीच्या सरळ फास्टबॉलची सरासरी 2300 च्या आसपास असते, म्हणून 2450 बघून तू हुरळलास. पण याची स्पिन एफिशियन्सी, म्हणजे चेंडूला उचल किंवा वळण द्यायला कामी येणारा वाटा, 78 टक्के आहे. बाकीचा स्पिन बंदुकीच्या गोळीसारखा, प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरण्यात जातो आणि त्यातून चेंडूला उचल मिळत नाही. म्हणून इंड्यूस्ड व्हर्टिकल ब्रेक (स्पिनमुळे मिळणारी उचल) 13 इंचांवर अडकलाय. साडेसहा फूट उंचीवरून सुटणारा असा चेंडू बॅटरच्या अंदाजाबरहुकूम येतो. हेच 13 इंच पाच फुटांवरून सुटले असते, तर स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरची वैध चौकट) वरच्या भागात चेंडू सपाट कोनात शिरला असता आणि मी तुला वेगळंच पत्र लिहिलं असतं. आकडा तोच, पण पिच वेगळा. म्हणून म्हणतो, आधी रिलीज पॉइंट.

चेंजअपला (फास्टबॉलसारखा भासणारा हळू चेंडू) तू शाबासकी दिलीस, कारण फास्टबॉलपेक्षा वेगात 9 मैलांचा फरक आहे. एक्स्टेन्शन, म्हणजे चेंडू पिचरच्या फळीपासून किती पुढे सुटतो, ते पाहिलंस का? फास्टबॉलला 6.4 फूट, चेंजअपला 5.8. पोरगं पाऊल आखडतंय, चेंडू सोडण्याऐवजी ढकलतंय. स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) तर फास्टबॉलपेक्षा चार इंच वरून सुटतोय. कोणता चेंडू येतोय ते ओळखायला चांगल्या बॅटरला एवढं पुरतं. आणि यावर तुझा उपाय काय, तर पाचवा पिच, स्वीपर (आडवा खूप वळणारा स्लायडर)! 2023 पासून स्टॅटकास्टमध्ये (मेजर लीगची मोजमाप यंत्रणा) त्याचा वेगळा प्रकार झाला, तेव्हापासून प्रत्येकाला तो हवाच आहे. या मुलाचा चेंडू जसा सुटतो, त्याला कटर (शेवटी किंचित वळणारा फास्टबॉल) जवळचा आहे, तो आधी करून बघा. यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा मुख्यतः कटरच्या जोरावर 652 सेव्हपर्यंत (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) गेला.

सरासरीवर तर मुळीच विसंबू नकोस. प्रत्येक पिचच्या रिलीज पॉइंटचा ठिपका मांड, इनिंगप्रमाणे रंग दे. मी मांडून पाहिले: चौथ्या इनिंगपासून हात तीन इंच खाली येतोय. (त्याच सामन्यातल्या बाकीच्या पिचर्सचे ठिपकेही तपास. सगळ्यांचेच सरकले असतील, तर दोष मोजणाऱ्या यंत्राच्या मांडणीत आहे.)

मी या एका गोष्टीवर अडून बसतो, असं लोक म्हणतात. बसतोच. एका क्लबमध्ये असताना एका मुलाचा रिलीज पॉइंट महिनोन्‌महिने घसरत होता. मी दर अहवालात लिहायचो आणि उत्तर ठरलेलं असायचं, "वेग तर टिकून आहे ना." पुढे त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेलं लिगामेंट नव्याने बसवण्याची) झाली. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये ती पहिल्यांदा केली, तेव्हापासून कितीतरी कारकिर्दी तिने वाचवल्या. हा मुलगा पूर्वीसारखा परतला नाही. घसरणीमुळेच लिगामेंट फाटलं असा माझा दावा नाही, एका आलेखावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्याला थांबवून बघायला हवं होतं, आणि बघा असं सांगणारा मी एकटा होतो, ही सल जात नाही. 2024 च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगनेच दुखापतींवरच्या अहवालात वेगाच्या हव्यासाकडे बोट दाखवलं. क्लबच्या बैठकांमध्ये मी काही वेगळं सांगत नव्हतो.

पोरात दम आहे. एकोणिसाव्या वर्षी 93 मैल, आणि थकल्यावरही स्ट्राइक झोन सोडत नाही. म्हणूनच तुझ्यावर चिडलोय. अहवालातला 'मर्यादित क्षमता' हा शेरा आधी खोड. चारही पिचेसचे ठिपके एकाच चौकटीत मांड, साइड कॅमेऱ्याचं चित्रण शेजारी लाव, चेंजअपला पाऊल नेमकं कुठे आखडतं ते त्याच्या पिचिंग कोचबरोबर बसून बघ. मग नव्याने लिही. पहिल्या पानावर रिलीज पॉइंट नसेल, तर दुसरं पान मी उघडणार नाही.

तुझा,
जुना सहकारी