पुढच्या उपग्रहाला गाठायचे तर मागच्याने ब्रेक का लावायचा?

एकाच कक्षेत, एकाच दिशेने फिरणाऱ्या दोन उपग्रहांपैकी मागच्याला पुढच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर त्याने वेग वाढवायचा की कमी करायचा, आणि उलट पुढच्यालाच मागच्यासाठी थांबायचे असेल तर त्याने काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. महामार्गावर पुढची गाडी गाठायला आपण ॲक्सिलरेटर दाबतो, मग अवकाशात ब्रेक लावून कोणी पुढे कसे जाईल, ही तुमची शंका अगदी रास्त आहे. मी पदवीच्या वर्गाला यामिकी (मेकॅनिक्स) शिकवते आणि खगोलीय यामिकीची सुरुवात याच प्रश्नापासून करावी असे माझे ठाम मत आहे, कारण याचे उत्तर ज्याला मनापासून पटले त्याला कक्षेतल्या गतीचे केप्लरचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

उत्तर असे की, मागच्याने आधी वेग कमी करायचा, एक फेरी पूर्ण होऊ द्यायची आणि मग तेवढाच वेग पुन्हा वाढवायचा.

गाडीचा रस्ता आधीच बांधलेला असतो. वेग वाढवला तरी गाडी त्याच रस्त्यावर राहते, फक्त लवकर पोहोचते. उपग्रहाला असा रस्ता नसतो. तो या क्षणी कुठे आहे आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालला आहे, यावरूनच त्याचा पुढचा सगळा मार्ग ठरतो. त्यामुळे इंजिन चालवून वेग बदलला की त्यासोबत कक्षाही बदलते, आणि जुन्या कक्षेत राहून नुसते जलद जाणे त्याला शक्यच नसते. दहावीच्या विज्ञानात क्रांतिक वेगाचे सूत्र असते. त्या सूत्राचा अर्थ हाच आहे की, ठरावीक उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेसाठी एकच वेग असतो, थोडा कमीही नाही आणि थोडा जास्तही नाही.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. कक्षेत दोन उपग्रह एकमेकांना जोडून पाहण्याच्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह ज्या उंचीवर फिरत होते ती सुमारे ४७५ किलोमीटरची उंची आपण उदाहरणासाठी घेऊ. पृथ्वीच्या केंद्रापासून हे अंतर साधारण ६,८५३ किलोमीटर भरते, तेथील वर्तुळाकार कक्षेतला वेग सेकंदाला ७.६३ किलोमीटर येतो आणि एका फेरीला ९४ मिनिटे लागतात. समजा, आपला उपग्रह पुढच्याच्या मागे बरोबर १० किलोमीटरवर आहे, आणि घाईघाईने आपण इंजिन चालवून त्याचा वेग सेकंदाला फक्त १ मीटरने वाढवला. सुरुवातीची काही मिनिटे अंतर खरोखरच कमी होऊ लागते. पण वाढीव वेगामुळे उपग्रह जुन्या वर्तुळाबाहेर जाऊन वर चढू लागतो आणि चढताना मंदावतो. अर्ध्या फेरीनंतर, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, तो जुन्या कक्षेपेक्षा ३.६ किलोमीटर वर असतो. त्याची नवी कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आणि आधीपेक्षा मोठी असते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे कक्षा मोठी झाली की आवर्तकालही, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळही, वाढतो, आणि येथे तो २.२ सेकंदांनी वाढतो. एवढ्याशा काळाने काय होणार, असे वाटेल. पण ज्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त आहे त्याच्यासाठी २.२ सेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे १७ किलोमीटर. जेथे इंजिन चालवले त्याच ठिकाणी उपग्रह परत येतो तेव्हा पुढचा १० नव्हे, २७ किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो.

हेच उलट करून पाहा. वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरहूनही किंचित कमी एवढाच घटवला, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी, तर उपग्रह खाली उतरू लागतो. अर्ध्या फेरीत तो साधारण २.१ किलोमीटर खाली जातो, आणि उतरताना त्याचा वेग वाढत जातो. सर्वांत खालच्या बिंदूवर तो मूळ वेगापेक्षा सेकंदाला पावणेदोन मीटर जास्त वेगाने जात असतो. माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडखळवणारी जागा हीच असते: ब्रेक लावला आणि वेग वाढला. पण यात विरोधाभास काहीच नाही. उंची कमी होताना स्थितिज ऊर्जा कमी होते आणि तिची गतिज ऊर्जा होते. त्या उतारात मिळणारा वेग आपण ब्रेकने घालवलेल्या वेगाच्या चौपट असतो, म्हणून हिशेब नफ्यात राहतो. शिवाय खालची वाट लांबीलाही कमी असते. परिणामी आवर्तकाल १.३ सेकंदांनी घटतो, एका फेरीत बरोबर १० किलोमीटरची कमाई होते, आणि ज्या ठिकाणी ब्रेक लावला होता तेथे आपला उपग्रह परत येतो तेव्हा पुढचा अगदी शेजारी असतो. त्या क्षणी कमी केलेला वेग परत वाढवला नाही, तर पुढच्या फेरीत आपण आणखी १० किलोमीटर पुढे निघून जाऊ. तो वाढवला की दोघे एकाच कक्षेत, सोबत चालू लागतात.

याच कारणामुळे वरच्या विरळ हवेचा रोध उपग्रहाचा वेग वाढवतो. हे वाक्य विचित्र वाटले तरी खरे आहे. रोधामुळे उपग्रहाची एकूण ऊर्जा घटते, तो हळूहळू खाली येतो, आणि खालच्या कक्षेचा क्रांतिक वेग जास्त असतो.

तुम्हाला जो संभ्रम पडला तो अंतराळवीरांनाही पडला होता. जून १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट कक्षेत गेले, तेव्हा ज्या टायटन अग्निबाणाने त्यांना वर नेले त्याच्या रिकाम्या दुसऱ्या टप्प्याजवळ जाऊन राहायचे, असा एक प्रयोग ठरलेला होता. मॅकडिव्हिट यांनी साहजिकच यान त्या टप्प्याच्या रोखाने ढकलले. टप्पा मात्र जवळ येण्याऐवजी दूर जात राहिला. अंतर मोजायला यानावर रडारही नव्हते. इंधनाचा मोठा भाग खर्च झाल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६-ए यानाने जेमिनी ७ ला गाठले ते याउलट रीतीने. ते आधी खालच्या, म्हणजेच जलद कक्षेत सोडले गेले, तेथून त्याने सुमारे सहा तासांत मागचे अंतर भरून काढत आणि टप्प्याटप्प्याने वर चढत भेट साधली, आणि शेवटी दोन्ही याने एकमेकांपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर आली. पुढे चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट मिळवली तीही कक्षेतल्या अशाच भेटींच्या अभ्यासावर, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण चंद्रावर जाण्याची नासाची सगळी योजनाच चंद्राभोवतीच्या कक्षेत दोन यानांची भेट होण्यावर अवलंबून होती.

कोणी म्हणेल की, हे सगळे दहा किलोमीटरसाठी ठीक, पण अगदी जवळ आल्यावर तरी सरळ जाता येत असेल. तेथेही हे गणित पाठ सोडत नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने श्रीहरिकोट्याहून सोडलेले स्पेडेक्सचे प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. जोडणीसाठी ठरवलेला वेग सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर इतका मंद होता. समजा, शेवटचे ३ मीटर उरले असताना मागून येणाऱ्या उपग्रहाला या वेगाने सरळ पुढे ढकलले आणि नंतर काहीच केले नाही, तर त्याला पाच मिनिटे लागतील, आणि तेवढ्या वेळात तो साधारण १ मीटर वर सरकलेला असेल, म्हणजे जोडणीचे तोंड चुकून पुढच्याच्या डोक्यावरून जाईल. म्हणून शेवटच्या टप्प्यात लहान इंजिनांनी सतत दुरुस्ती करत राहावे लागते. त्या मोहिमेत ८ जानेवारीला दोघांतले अंतर २२५ मीटरवर आणताना ते अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने सरकत असल्याचे दिसले, तेव्हा इस्रोने दुसऱ्या दिवशीची जोडणी पुढे ढकलली. काहींना तो फजितीचा प्रकार वाटला. मला तो निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो, कारण कक्षेत थोडे थांबून एखादी फेरी जाऊ देण्याला फारसा खर्च येत नाही, घाईला मात्र येतो.

इंधन भरपूर असेल तर निशाणा धरून सरळ जाता येणार नाही असे मी म्हणत नाही. पण मग वर सरकू पाहणाऱ्या यानाला इंजिनाने सतत खाली दाबून धरावे लागते, आणि प्रत्यक्ष मोहिमांत इतके इंधन कोणाकडेच नसते. त्यापेक्षा प्रक्षेपणाची वेळच अशी साधतात की सुरुवातीचे अंतर कमी राहावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या सोयूझ यानांना पूर्वी दोन दिवस लागत, २०१३ पासून सहा तासांत जाणे सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये एक सोयूझ तीन तासांच्या आसपास पोहोचले. त्यामागे यानाचा वेग वाढणे हे कारण नसून, निघण्याचा क्षण आणि पहिली कक्षा अचूक साधणे हे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीही देऊ शकाल. पुढच्याला मागच्यासाठी थांबायचे असेल तर त्याने वेग वाढवायचा. वरच्या उदाहरणात त्याने सेकंदाला तेवढ्याच, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपास वेगवाढ घेतली, तर तो दोन किलोमीटर वर चढून १.३ सेकंद उशिरा त्याच ठिकाणी येईल, आणि तोपर्यंत मागचा तेथे पोहोचलेला असेल. मग वाढवलेला वेग त्याने काढून टाकायचा.