आईची मिश्री सुटत का नाही

ताई, तुमचे प्रश्न तीन. आई मिश्री (हिरड्यांवर चोळायची भाजकी तंबाखू) सोडते म्हणते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसते, चिडते, परसाकडेही होत नाही, हे खरं की मनाचं? दात घासायच्या वस्तूला नशा म्हणायचं का? आणि तंबाखूच्या वखारीतलं काम चालू ठेवून ती सुटेल का?

निपाणी भागात माझं औषधाचं दुकान आहे. आपल्याकडे 'मिश्री सोडलीय' असं सांगत कुणी येत नाही. 'पोट साफ व्हायचं चूर्ण द्या' म्हणत येतात. जरा विचारपूस केली की मग मिश्रीचं निघतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: सगळं खरं आहे. निकोटीन आतड्यांच्या हालचालीला चालना देतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी ती चालना मिळालेलं पोट ती बंद झाल्यावर काही दिवस सुस्तावतं. आई म्हणते 'मिश्रीशिवाय होत नाही', त्यात खोटं काही नाही.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने ती सौम्य होते हा समज आपल्याकडे पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. निकोटीन उरतंच, शिवाय जळण्यातून बेंझोपायरीनसारखी कर्करोग घडवणारी द्रव्यं वाढतात. बोटाने हिरड्यांवर चोळलं की निकोटीन तिथल्या पातळ त्वचेतून रक्तात उतरतं. बिडीच्या झुरक्यातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. हिरडीतून सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, म्हणून झिंग अशी जाणवत नाही आणि म्हणूनच घरात कुणाला ती नशा वाटत नाही. (चुना लावून मळणाऱ्यांचं गणित वेगळं. चुन्याच्या क्षारामुळे निकोटीन जास्त वेगाने शोषलं जातं.)

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं एक द्रव्य निरोप पोचवण्याचं काम करतं. ते जिथे जाऊन बसतं, त्याच ग्राहींवर (रिसेप्टरवर) निकोटीन जाऊन बसतं. त्यामुळे बरं वाटायला लावणारं डोपामिन सुटतं, जरा तरतरी येते, मन लागतं. रोजच्या माऱ्याने हे ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. आता हे वाढलेले ग्राही रिकामे राहिले की तगमग सुरू. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आईने रात्री नऊला शेवटची मिश्री लावली असेल, तर पहाटे पाचला सोळावा हिस्साच उरतो. तिला उठल्याउठल्या जी तलफ येते ती या रिकामपणाची. मिश्री लावून 'डोकं हलकं झालं' असं वाटतं खरं, पण ते डोकं आदल्या दिवशीच्या मिश्रीनेच जड केलेलं असतं. तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो: ही नशाच.

शरीराचं म्हणाल तर निकोटीनमुळे ॲड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. तुम्ही लिहिलंय की आईला बीपीची गोळी चालू आहे. मिश्री लावून लगेच बीपी मोजलं तर आकडा वर दिसू शकतो, तपासणीच्या वेळी हे डॉक्टरांना सांगा. हिरडीचं दुखणंही निकोटीनने थोडं बोथट होतं. त्यामुळे सोडल्यावर एखादी किडलेली दाढ अचानक बोलू लागते आणि बायका म्हणतात, 'बघा, मिश्री सोडली नि दात बिघडले.' त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणाच.

आता वखारीचं. हे कुणी सहसा सांगत नाही. तंबाखू कुटताना, चाळताना उडणारी धूळ श्वासातून आणि घामट त्वचेतून आत जाते. निकोटीनचं शरीरात कोटिनीन होतं, आणि तंबाखूत काम करणाऱ्या पण कधीच न खाणाऱ्या माणसांच्या लघवीतही ते सापडलेलं आहे. म्हणजे आईने डबी फेकली तरी तिच्या मेंदूला रोज थोडं थोडं मिळतच राहणार. कामाच्या दिवशी निभतं आणि सुट्टीच्या दिवशी तलफ उसळते, असं होतंय का, जरा लक्ष ठेवा.

'मग काम सोडा' असं सांगणारे भेटतील. त्यांना त्या पगारावर घर चालवावं लागत नाही. हे गाव तंबाखूवर उभं आहे, १९८१ मध्ये रास्त भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले ते याच पिकापायी. काम राहू दे. नाका-तोंडाला फडकं, लांब बाह्या, चहा-भाकरीआधी साबणाने हात आणि घरी आल्या आल्या आंघोळ करून लुगडं बदलणं, एवढं सांभाळलं तरी फरक पडतो.

त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग उतरत जातो. तीन-चार आठवडे धरून चाला. २ मिलिग्रॅमची निकोटीनची चावायची गोळी (निकोटीन गम) चिठ्ठीशिवाय मिळते, पण बीपी असल्याने आधी डॉक्टरांना विचारा. ती च्युइंगमसारखी सतत चावायची नाही. चार-सहा वेळा चावली, जीभ चुरचुरली की गालात ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, मळमळतं, आणि मग लोक गोळीलाच नावं ठेवतात. तिच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही.

मिश्रीच्या जागी साधी टूथपेस्ट द्या. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी बाजारातली सुटी काळी-लाल मंजनं नकोतच. पोटासाठी भरपूर पाणी, पालेभाजी आणि लागलंच तर थोडे दिवस इसबगोल.

१८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत फोनसेवा आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. आई स्वतः बोलली तर उत्तम. आणि तिच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर मिश्री सुटायची वाट न पाहता तिला बेळगावला किंवा कोल्हापूरला, जे जवळ पडेल तिथे, मोठ्या दवाखान्यात दाखवा.