आपल्या ब्रँडचं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर?

प्रश्न : आमच्या ब्रँडच्या नावाचं डॉट कॉम एका परक्या माणसाने घेऊन ठेवलंय. तिथे इतरांच्या टॉवेलच्या जाहिराती दिसतात. आमचा ट्रेडमार्क नोंदलेला आहे. कोर्टाची पायरी न चढता नाव मिळेल का?
(टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

उत्तर : मिळू शकतं. डॉट कॉमला १९९९ पासून यूडीआरपी हे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर पंचांकडून सोडवण्याचं धोरण लागू आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि एकही सुटून चालत नाही. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ उडेल इतकं मिळतंजुळतं हवं, समोरच्याचा त्यावर हक्क किंवा रास्त हितसंबंध नसावा, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलेलं असून वापरही तसाच असावा.

तिसऱ्या मुद्द्यासाठी आधी दोन तारखा शेजारी मांडा : डोमेन नोंदणीची आणि तुमचा ब्रँड बाजारात आल्याची. डोमेन आधीचं असेल तर तक्रार सहसा टिकत नाही. ज्या ब्रँडचा अजून जन्मच झाला नव्हता, त्यावर डोळा ठेवून नाव घेतलं हे पंचांना पटणार कसं? मात्र डोमेन मधेच विकलं गेलं असेल, तर सध्याच्या मालकाने ते घेतलं ती तारीख धरतात.

जाहिरातींच्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आजच काढा. तक्रारीची कुणकुण लागली की पान बदलू शकतं. जीनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ऑनलाइन तक्रार करता येते. एक ते पाच नावांसाठी एका पंचाची फी १,५०० डॉलर, तिघांची ४,०००. समोरच्याला उत्तरासाठी २० दिवस मिळतात. मालकाचं नाव लपवलेलं असलं तरी अडत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, ते वायपोला कळवतो आणि मग तक्रारीत दुरुस्ती करता येते. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी समोरच्याला कोर्टात जायला कामकाजाचे १० दिवस असतात, त्यानंतर नाव तुमच्याकडे येतं. नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

प्रश्न : सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. त्या आधारावर डोमेन मागता येईल?
(चादर विक्रेता, अशोक चौक)

उत्तर : नुसत्या जीआयवर नाही. यूडीआरपीला ट्रेडमार्क किंवा सर्व्हिस मार्क लागतो. वायपोने २००१ च्या अहवालात जीआयचा विचार केला, पण धोरण तूर्त बदलू नये असंच सुचवलं. आपल्यासारख्या विणकरांच्या गावावर हा अन्याय आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. तोवर उत्पादकांच्या संघटनेने सामूहिक ट्रेडमार्क नोंदवावा. भारतीय कोर्टात पासिंग ऑफचा (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा) दावाही करता येतो. डोमेन नावालाही ते संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं.

प्रश्न : डॉट इनच्या धोरणात वाईट हेतूने नोंदणी 'किंवा' वापर पुरतो. डॉट कॉमला 'आणि' का? हे बदलतं कोण?
(वकील, सोलापूर)

उत्तर : आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था. पण एकट्याने नाही. रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या शेवटाच्या नावांची यादी सांभाळणारी कंपनी), रजिस्ट्रार, व्यापारी आणि बिगर-व्यापारी गटांचे लोक जीएनएसओच्या (आयकॅनमधल्या धोरणं आखणाऱ्या मंडळाच्या) कार्यगटात बसतात, मसुद्यावर जाहीर हरकती मागवतात, मग जीएनएसओची कौन्सिल आणि शेवटी आयकॅनचं संचालक मंडळ मंजुरी देतं. एकदा सहमतीचं धोरण झालं की करारामुळे ते प्रत्येक रजिस्ट्रारवर बंधनकारक होतं. ट्रेडमार्क-संरक्षणाच्या सगळ्या नियमांचा आढावा २०१६ मध्ये सुरू झाला. डॉट कॉमसारख्या नव्या शेवटांविषयीचा पहिला टप्पा २०२० मध्ये संपला आणि यूडीआरपी दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवलं गेलं.

'आणि' राहायलाच हवं. ते काढलं तर वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे धरलेलं साधं नावही एखाद्या चुकीच्या जाहिरातीपायी जाईल. सहमती होण्यासारखे मुद्दे दुसरे आहेत. डॉट यूके सांभाळणाऱ्या ब्रिटनच्या नॉमिनेटकडे पंचांआधी मध्यस्थी होते, तशी इथेही हवी. आणि दुसऱ्याचं डोमेन बळकावायला खोटी तक्रार करणाऱ्यावर आज निकालात फक्त ताशेरा येतो, दंड नाही, तो असावा. तुम्ही हरकत पाठवाल तेव्हा कलमाचा क्रमांक, त्यातले नेमके शब्द आणि एक खरं प्रकरण द्या.