आजीच्या दारातली परडी

प्रिय चिमणे,

तुझा मेसेज रात्री वाचला. आपण ख्रिश्चन, मग आजी यल्लमाच्या जोगतिणीला पीठ का घालते? आणि तू तिला खाऊचे शंभर रुपये दिलेस, फोटो काढायला गेलीस, तर आजी का रागावली?

पहिला प्रश्न तुझ्याएवढी असताना मीही विचारला होता. मंगळवारी-शुक्रवारी ती जोगवा मागायला यायची. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर भंडारा. नात्यातल्या एका काकूंना ते मुळीच पटायचं नाही. ‘देवीच्या परडीत आपण कसं घालायचं?’ आजी पीठ चाळत होती. वर न बघताच म्हणाली, ‘भूक परडीला लागत न्हाई, पोटाला लागती.’ काकूंचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. आजीनेही परडीपुढे कधी हात जोडले नाहीत. पण ‘बस, च्या घे’ म्हटल्याशिवाय जोगतिणीला जाऊही दिलं नाही.

अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले 1852 साली. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, ही रीत तिथे त्याच्या कितीतरी आधीची. आपल्या घरात येशू आला तेव्हा ती मोडायचं काही कारणच नव्हतं.

आता फोटोचं. पाच हजार लोकांना जेवू घातल्याची गोष्ट तुला येते. तुझ्या इंग्रजी पुस्तकात ब्रेड आहे, आपल्या मराठी बायबलात मात्र जवाच्या पाच भाकरी आहेत. गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण शिदोरी एका मुलाची होती हे फक्त योहान सांगतो. मला वाटायचं, तो मुलगा कागलकडचाच असणार, आईने फडक्यात भाकरी बांधून दिलेला. त्याचं नाव योहानानेही लिहिलेलं नाही. आणि मत्तयाचा सहावा अध्याय आजीला तोंडपाठ आहे. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असं त्यात आहे. तुझ्या तर उजव्या हातात नोट होती आणि डाव्यात फोन! शिवाय त्या बाईला विचारलंस का, फोटो काढू का म्हणून?

आजी तुझ्या देण्यावर रागावली नाही, हे मात्र नक्की. मला फोनवर दोनदा सांगितलं, ‘पोरीनं न मागता दिलं.’

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. शिरोलीजवळ हायवे बंद, मी इथे टोरांटोत फोन लावत बसलेली. फोन लागला तेव्हा कळलं, जोगतिणीच्या घरात पाणी शिरलंय आणि ती आपल्या पुढच्या खोलीत राहायला आलीय. आठ दिवस होती. मी विचारलं, ‘आई, परडीसकट?’

‘मग काय पाण्यात सोडू?’

परडी फळीवर होती, बायबलच्या शेजारी. दोघी सकाळी भाकऱ्या थापायच्या आणि गल्लीत वाटायच्या.

शुक्रवारी ती परत येईल. वाटीभर पीठ तू घाल, आजीला सांगून ठेवलंय. फोन आत ठेव आणि वाटी दोन्ही हातांनी धर, जोंधळ्याचं पीठ फार सांडतं.

तुझी,
मम्मी