जुन्या ‘स्टार ट्रेक’मधल्या बायकांना इतकं थोडं काम का होतं?

तुम्ही विचारलंय की १९६६ चं मूळ ‘स्टार ट्रेक’, म्हणजे एंटरप्राइज या अंतराळयानावरची अमेरिकन मालिका, पहिल्यांदाच बघताय, निरोप घेणारी-देणारी अधिकारी उहुरा जवळपास दर भागात दिसते पण करत काहीच नाही, नर्स चॅपल नुसती स्पॉकसाठी झुरते; तर त्या लेखकांना बायका लिहिताच येत नव्हत्या का?

येत होत्या की. म्हणून तर जास्त राग येतो.

मी ही मालिका ऐंशीच्या दशकात पाहिली. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, आणि आम्ही पोरं शेजाऱ्यांकडे सतरंजीवर बसून बघायचो. इंग्रजी अर्धंच कळायचं. माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एका रविवारी ती आलेली असताना उहुराला कानात ते चकाकतं यंत्र घालून बसलेली बघून खूश झाली, “ही आमच्यातली!” जरा वेळाने म्हणाली, “पण हिला काही कामच देत नाहीत गं. आला फोन, दिला फोन.” आत्याच्या बोर्डावर ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे ट्रंक कॉल यायचे. लाइन मोकळी मिळायची एखादीच, आणि कुणाला आधी जोडायचं, कुणाला गोड बोलून थांबवायचं, कुणाच्या घरी वाईट बातमी आहे हे आवाजावरून ओळखून त्याला मध्येच कसं घुसवायचं, हे तीच ठरवायची. नंतर मी ७९ च्या ७९ भाग दोनदा बघितले. आत्याचं म्हणणं काही खोडता आलं नाही.

माझं उत्तर तिच्या त्या वाक्यातच आहे. या मालिकेत कथा पुढे सरकते ती कुणीतरी काहीतरी ठरवलं म्हणून. कॅप्टन कर्क ठरवतो, त्याचा दुय्यम अधिकारी स्पॉक विरोध करतो, डॉक्टर मकॉय चिडतो. कायमच्या तिन्ही बायकांना नोकऱ्याच अशा दिल्या होत्या की दुसऱ्याचं काहीतरी पोचवायचं: उहुराने निरोप, चॅपलने औषध, आणि जॅनिस रँडने कॉफी आणि सहीचे कागद.

सुरुवात अशी नव्हती. १९६४ च्या अखेरीस पहिला पायलट (वाहिनीला दाखवायचा नमुना) भाग चित्रित झाला, ‘द केज’. त्यात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. नाव नाही, फक्त ‘नंबर वन’. थंड डोक्याची, हुशार, भावना न दाखवणारी. मॅजेल बॅरेटने ती भूमिका केली होती. त्याच भागात कॅप्टन पाइक म्हणतो की ब्रिजवर (यान चालवायच्या दालनात) बाई असण्याची आपल्याला सवयच होत नाही, आणि मग नंबर वनकडे वळून सावरून घेतो की तुझी गोष्ट वेगळी. एनबीसी वाहिनीने तो पायलट नाकारला आणि दुसरा मागितला. त्यात नंबर वन गेली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी सांगायचे की वाहिनीला एवढ्या वरच्या पदावर बाई नको होती. निर्मितीतल्या इतरांनी पुढे लिहिलं की वाहिनीचा आक्षेप बाईला नव्हता, रॉडनबेरींनी आपल्या मैत्रिणीला ती भूमिका दिली याला होता. खरं काहीही असो, तिचा थंड तर्कशुद्धपणा स्पॉकला मिळाला आणि मॅजेल बॅरेट सोनेरी केसांचा टोप घालून नर्स म्हणून परत आली. यानाच्या कॉम्प्युटरचा आवाजही तिचाच. म्हणजे एकाच बाईकडे आधी यानाची जवळजवळ सूत्रं, आणि मग इंजेक्शनचा ट्रे.

आता रँड. ग्रेस ली व्हिटनीने ही कॅप्टनची योमन केली, म्हणजे हरकाम्या मदतनीस. ‘द कॉर्बोमाइट मॅनूव्हर’मध्ये ती कर्कला जबरदस्तीने सॅलड आणून देते आणि तो वैतागतो की मुख्यालयातल्या कुठल्या महाभागाने मला बाई योमन दिली. पण त्याच भागात एक छोटीशी जागा आहे. यानावरची वीज गेलेली, सगळे मरायला टेकलेले, आणि ही गरम कॉफी घेऊन हजर. कशी केली? हातातल्या फेझर बंदुकीने पाणी तापवलं. मला ती रँड फार आवडते! जगबुडीतही चहा टाकणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच घरात पाहिल्यात. एका ओळीत अख्खं माणूस उभं राहतं. मग त्या माणसाचं पुढे काय केलं, तर काहीच नाही.

‘द एनिमी विदिन’ मात्र बघताना पोटात ढवळतं. माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राच्या बिघाडाने कर्कचे दोन भाग होतात आणि त्यातला वाईट कर्क रँडवर तिच्या खोलीत झडप घालतो. नंतर ती रडत तीन पुरुषांसमोर बसून सांगते, आणि वर म्हणते की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी तर बोललेही नसते. हा प्रसंग उत्तम लिहिलेला आहे. १९६६ च्या टीव्हीवर हे इतकं नेमकं आलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. म्हणूनच म्हणते, लिहिता येत होतं. पण भागाच्या शेवटी स्पॉक तिला जवळजवळ मिश्कीलपणे विचारतो की त्या तोतयामध्ये काही ‘रंजक गुण’ होते, नाही का? झालं, कथा संपली. एकूण आठ भागांत दिसून रँडच संपली. कारण असं सांगितलं गेलं की कर्कला दर आठवड्याला नव्या नायिका भेटायला हव्यात, घरचीच एक डोळ्यांसमोर नको. व्हिटनीने १९९८ च्या आत्मचरित्रात लिहिलं की त्याच दिवसांत मालिकेशी संबंधित एका अधिकाऱ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. त्याचं नाव तिने दिलं नाही.

चॅपलबद्दल थोडक्यात. ‘व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?’ या भागात कळतं की ती जीवशास्त्रातलं संशोधन सोडून यानावर आली, कारण पाच वर्षं बेपत्ता असलेल्या होणाऱ्या नवऱ्याला शोधायचं होतं. संशोधक बाई, हट्टाने अंतराळात निघालेली! यावर एक वेगळी मालिका होईल. नवरा सापडतो तो यंत्रमानव होऊन, आणि भाग संपता संपता ती यानावरच राहायचं ठरवते. पुढे तिचं संशोधन कुणाला आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की तिला स्पॉक आवडतो. ‘अमॉक टाइम’मध्ये ती त्याच्यासाठी सूप करून आणते आणि तो वाडग्यासकट ते भिरकावून देतो.

इथे कुणी म्हणेल की त्या काळी मालिका तशाच असायच्या, दर आठवड्याला पाटी कोरी. आहेच तसं. पण पाटी सगळ्यांची सारखी पुसली जात नव्हती. स्पॉकचं अर्धं मानव असणं, वडिलांशी वाकडं असणं, व्हल्कन या त्याच्या ग्रहावरचं लग्न, हे एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं आणि साठत गेलं. बायकांच्या बाबतीत साठलं ते फक्त प्रेमात पडणं.

याचा सगळ्यात लख्ख पुरावा १९६७ च्या तीन लागोपाठच्या आठवड्यांत आहे. २२ सप्टेंबरला ‘हू मोर्न्स फॉर अडोनेइस?’ आला. त्यात उहुरा पॅनेल उघडून स्वतः तारा जोडतेय आणि स्पॉक तिला सांगतो की या कामाला तुझ्याहून लायक मला कुणी दिसत नाही. स्पॉककडून हे म्हणजे पद्मभूषणच. २९ सप्टेंबरला ‘द चेंजलिंग’. नोमॅड नावाचं यंत्र तिचं गाणं ऐकून तिची अख्खी स्मृती पुसून टाकतं. ते तिला सदोष ठरवतं, तेव्हा स्पॉक खुलासा करतो की ते युनिट म्हणजे बाई आहे. यंत्र म्हणतं, परस्परविरोधी ऊर्मींचा ढीग. (ही ओळ लिहिणाऱ्याला त्या दिवशी घरी जेवायला मिळालं असेल का, अशी मला शंका आहे.) मग दवाखान्यात चॅपल तिला पहिलीच्या मुलीसारखं वाचायला शिकवते. अडखळली की तिच्या तोंडून स्वाहिली येते. शेवटी मकॉय सांगतो, कॉलेजच्या पातळीला पोचलीये, आठवड्यात कामावर येईल.

थांबून विचार करा. एका बाईचं बालपण, आईवडील, सगळं शिक्षण गेलं, आणि ती आठवड्यात परत कामावर! परत मिळालेलं ज्ञान तिचं स्वतःचं की पुस्तकातलं? आई आठवते का? कर्कवर असं गुदरलं असतं तर दोन भागांची कथा झाली असती.

आणि बरोब्बर एका आठवड्याने, ६ ऑक्टोबरला, ‘मिरर, मिरर’. दुसऱ्या विश्वातल्या क्रूर एंटरप्राइजवर अडकलेली उहुरा घाबरलेली आहे आणि तसं कर्कला सांगते. तरी ब्रिजवर जाऊन तिथल्या सुलूला (यान चालवणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी लाडीगोडी लावून बोर्डावरची त्याची नजर हटवते, मग थोबाडीत देऊन खंजीर उपसते. भीती, डोकं, अभिनयातला अभिनय, सगळं काही मिनिटांत. उहुरा करणाऱ्या निशेल निकोल्सकडे काय होतं ते इथे दिसतं. पण गेल्याच आठवड्यात हिची स्मृती गेली होती, याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

पहिल्या सीझननंतर निकोल्स मालिका सोडून जायला निघाली होती. मार्टिन ल्यूथर किंग तिला एका समारंभात भेटले आणि त्यांनीच थांबवलं, हा किस्सा ती आयुष्यभर सांगायची. किंगांचं म्हणणं बरोबरच होतं: १९६७ च्या अमेरिकेत काळी बाई मोलकरीण न होता अधिकारी म्हणून बसलेली दिसणं हीच मोठी गोष्ट होती. मला वाटतं लेखकांनी तेवढ्यावरच भागवलं. नुसतं बसवल्याने काम होतंय म्हटल्यावर आणखी लिहायचे कष्ट कोण घेतो? तिचं पहिलं नाव, न्योटा, पडद्यावर उच्चारलं गेलं ते थेट २००९ च्या चित्रपटात.

सुलू आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या चेकॉव्हलाही फार काही मिळालं नाही, हे मान्य. पण सुलू यान वळवतो तेव्हा निदान यान वळतं.

हे फक्त अमेरिकेतच होतं असं नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मध्ये १९७० साली लिझ शॉ आली, केंब्रिजची शास्त्रज्ञ, आणि चार कथांनंतर निरोपाचा प्रसंगही न मिळता गेली. पुढच्या वर्षी लष्करी अधिकारी ब्रिगेडियर मालिकेच्या नायकाला, डॉक्टरला, ऐकवतो की लिझच म्हणायची, तुला फक्त टेस्ट ट्यूब हातात देणारी आणि ‘तू किती हुशार’ म्हणणारी कुणीतरी हवी. लेखकांना पक्कं माहीत होतं आपण काय करतोय.

आणि मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये ठाम बायका भरपूर आहेत, फक्त त्या पाहुण्या आहेत. ‘कोर्ट मार्शल’मध्ये कर्कविरुद्ध खटला चालवणारी वकील अरील शॉ, ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’मधली शत्रूपक्षाची, रोम्युलन सेनापती. ही दुसरी डी. सी. फोंटाना या बाईंनी लिहिली. डोरोथी हे नाव त्या आद्याक्षरांत झाकून ठेवायच्या. तासाभरात निघून जाणारीच्या हाती सत्ता द्यायला धोका नसतो, पुढच्या आठवड्यात तिची सोय लावावी लागत नाही. तरी या सेनापतीलाही नाव दिलेलं नाहीच.

उहुराला यानाची सूत्रं हातात घेताना बघायचं असेल तर १९७३ च्या कार्टून मालिकेतला ‘द लोरेलाय सिग्नल’ शोधा. मार्गारेट आर्मेन यांनी लिहिलाय. एका ग्रहाच्या संकेताने पुरुष अधिकाऱ्यांचं भान हरपतं, मुख्य इंजिनिअर स्कॉटी गाणी म्हणायच्या बेतात असतो, आणि उहुरा शांतपणे जाहीर करते की यान आता माझ्याकडे. चॅपलला वैद्यकीय प्रमुख करते, बायकांची तुकडी घेऊन खाली उतरते आणि पुरुषांना सोडवून आणते. गंमत म्हणजे पैसे वाचवायला त्या मालिकेत निकोल्स आणि सुलू करणाऱ्या जॉर्ज टाकेईंना घेणारच नव्हते. स्पॉक करणारे लेनर्ड निमॉय अडून बसले म्हणून दोघं आली. भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे, चित्रं अगदीच खडबडीत. आधी ‘द चेंजलिंग’ बघा, मग हा.