पाईप दोन इंची, म्हणून व्हॉल्व्हही दोन इंची?

प्रश्न : इचलकरंजीत कापडावर प्रक्रिया करणारं आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. गरम पाण्याची ३००० लिटरची टाकी, आत स्टीमची कॉईल. पाणी ३० अंशांवरून ९० वर अर्ध्या तासात न्यायचं आणि पुढे तिथेच धरायचं. बॉयलर दोन टनी (तासाला दोन टन वाफ देणारा), लाईनला सात किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर, कॉईल तीन किलोवर चालते. लाईन दोन इंची म्हणून कंट्रोल व्हॉल्व्हही दोन इंची बसवला. तो सारखा उघड-मीट करतो, तापमान ८४ ते ९६ झुलतं, आणि टाकी सुरू केली की बाकीच्या मशीनचं प्रेशर पडतं. सीटही (व्हॉल्व्हचा सरकता प्लग जिथे टेकतो ती जागा) लवकर कापली जाते. विक्रेता म्हणतो, कंट्रोलर बदला. बदलू का?

उत्तर : नको. कंट्रोलर बिचारा सांगेल तेवढंच करतोय. व्हॉल्व्ह मोठा झालाय, आणि तो का मोठा झाला हे तुम्हीच पत्रात लिहिलंय : लाईन दोन इंची म्हणून. प्रोसेस हाऊसेसमध्ये निम्मे व्हॉल्व्ह असेच निवडलेले मी पाहतो. फ्लँजला फ्लँज जुळते, फिटर खूश, रिड्यूसरचा (दोन मापं जोडणाऱ्या तुकड्याचा) खर्च वाचतो.

आधी वाफ किती लागते ते काढू. ३००० किलो पाणी ६० अंशांनी तापवायला ३००० × ४.२ × ६० म्हणजे ७,५६,००० किलोज्यूल. तीन किलो प्रेशरची वाफ पाणी होताना किलोमागे सुमारे २१३३ किलोज्यूल देते. भागाकार केला की ३५४ किलो वाफ, तीही अर्ध्या तासात. म्हणजे तासाच्या हिशेबाने ७१०. टाकीचा पत्रा आणि उघड्या तोंडातून जाणारी उष्णता धरून ८०० म्हणा. (दाबाची एककं किलो आणि बार यांत दोन टक्क्यांचा फरक आहे, तो इथे सोडून देऊ.)

आता व्हॉल्व्ह. सूत्रात गेजवरचं प्रेशर टाकायचं नाही, त्यात हवेचा एक बार मिळवायचा. म्हणजे व्हॉल्व्हच्या आधी ८ आणि नंतर ४. निम्मा दाब व्हॉल्व्हमध्येच पडतो. संपृक्त वाफेत (पाण्याच्या उकळबिंदूवरच असलेल्या) दाबाची घट आधीच्या दाबाच्या ४२ टक्क्यांवर गेली की प्रवाह चोक होतो, म्हणजे पुढचा दाब आणखी कमी करूनही वाढत नाही, आणि सूत्र एकदम सोपं होतं : तासाला किलो = १२ × केव्ही × आधीचा दाब. केव्ही म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना एक बार फरकाला त्यातून तासाला जितके घनमीटर पाणी जातं तो आकडा. तुमच्यासाठी ८०० भागिले ९६, म्हणजे ८.३.

कॅटलॉग उघडा. एक इंची ग्लोब व्हॉल्व्हचा केव्ही साधारण १० असतो, दोन इंचीचा ३६ च्या आसपास. कॅटलॉग अमेरिकन पद्धतीचा असेल तर तिथे सीव्ही लिहिलेला असतो, त्याला १.१५६ ने भागा, नाहीतर पुन्हा घोटाळा.

३६ केव्हीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर सूत्राने तासाला जवळपास साडेतीन टन वाफ जाऊ शकते, आणि बॉयलर आहे दोन टनी! कॉईल सगळी वाफ गिळेल असं नाही, पण पाणी थंड असताना बरीच गिळते. तेव्हाच प्रेशर कोसळतं, बॉयलरमधलं पाणी उसळून वाफेबरोबर लाईनमध्ये येतं आणि शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर ओरडतो. पुढे ९० अंशांवर नुसतं धरायचं असतं तेव्हा समजा तासाला ७५ किलो पुरते. दोन इंची व्हॉल्व्हच्या क्षमतेच्या ते दोन टक्केच आहेत. निरांजनात तेल घालायला पंधरा किलोचा डबा हातात घेतल्यासारखं आहे हे. प्लग सीटपासून केसभर उचलतो, त्या फटीतून ओली वाफ प्रचंड वेगाने घुसते आणि सीट कापते. कंट्रोलर बदलून ती फट रुंद होणार नाही.

एक इंची लावला तर टाकी उशिरा तापेल ही तुमची पुढची शंका मला दिसतेच. सात किलोला त्यातून ९६० किलो जातात, लागतात ८००. मात्र सगळी मशीन एकदम चालू असताना लाईन पाच किलोवर येत असेल तर तोच व्हॉल्व्ह सुमारे ७०० च देईल आणि अर्ध्या तासाची चौतीस-पस्तीस मिनिटं होतील. म्हणून बॉयलरवरचा गेज पाहून हिशेब करू नका. व्हॉल्व्हच्या तोंडाशी गेज लावा आणि गर्दीच्या वेळी वाचा.

तुमची दोन इंची लाईन मात्र बरोबर आहे, ती बदलू नका. आठ बारच्या वाफेला ८०० किलोसाठी तिच्यात सेकंदाला २५ मीटर वेग येतो, तो चालतो. पाईप वेगावर ठरतो, व्हॉल्व्ह दाबाच्या घटीवर. दोघांचा आकार एक निघाला तर मला उलट संशय येतो. आणि व्हॉल्व्हच्या पुढे बघा : चार बारला वाफ फुगून जवळपास दुप्पट जागा घेते. तिथेही दोन इंचीच पाईप ठेवला तर वेग ४७ मीटरवर जातो, शिट्टी वाजते. तिथे तीन इंची घ्या. रिड्यूसर विषमकेंद्री घ्या आणि सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) साचत नाही. व्हॉल्व्हच्या आधी सेपरेटर (वाफेतले थेंब वेगळे करणारा) आणि ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारा) नसेल तर नवी सीटही टिकणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे फ्लोमीटर नाही. जुन्या मशीनला किती वाफ लागते ते कसं काढू? (सांगली)

उत्तर : ट्रॅपमधून बाहेर पडणारं कंडेन्सेट मोजा. ड्रममध्ये निम्मं गार पाणी भरून वजन करा, ट्रॅपच्या पुढची नळी पाण्याखाली धरा, दहा मिनिटांनी पुन्हा वजन करा. फरकाला सहाने गुणलं की तासाचा आकडा. गार पाणी अशासाठी, की तीन किलोचं कंडेन्सेट मोकळ्या हवेत आलं की त्यातलं आठ टक्के परत वाफ होऊन उडतं आणि तुमचा आकडा तेवढा कमी येतो. शिवाय हात भाजत नाही. ड्रम गरम होत आला की थांबा, हट्टाने दहा मिनिटं पुरी करू नका; मग सहाऐवजी ६० भागिले झालेली मिनिटं, याने गुणा. मोजणी दोनदा करा, मशीन तापताना आणि धरताना. व्हॉल्व्हला दोन्ही आकडे लागतात. वाफ थेट पाण्यात सोडणारं मशीन असेल तर याचा उपयोग नाही, तिथे पातळी किती वाढली ते पाहा.

प्रश्न : व्हॉल्व्हनंतरचा दाब आणखी कमी केला तर वाफ जास्त का जात नाही? (डिप्लोमाचा विद्यार्थी)

उत्तर : कारण अरुंद जागी वाफेने ध्वनीचा वेग गाठलेला असतो. पुढे दाब घटला ही खबर दाबाच्या लाटेने मागे जायला हवी, आणि ती लाटही ध्वनीच्याच वेगाने जाते. समोरून तेवढ्याच वेगाने वाफ येत असताना ती मागे सरकणार कशी? तेव्हा वाफ वाढवायची तर आधीचा दाब वाढवा किंवा भोक मोठं करा. परीक्षेत आकृती काढा, पण दाबाची घट ४२ टक्क्यांच्या आत असेल तर वरचं सोपं सूत्र वापरू नका, उत्तर जास्त येईल.